गोरिला दिसला, पण लस मिळेना

युगांडातले डोंगरी गोरिला बघून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "कसा झाला प्रवास?" आणि माझ्या तोंडून आधी गोरिला निघत नाही, लसीकरण केंद्र निघतं. आमचे हे म्हणतात, अगं, लोकांना जंगलाचं ऐकायचंय. पण जंगलात सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखी भानगड नाही. अडलं ते इथे, आपल्या राज्यात, एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर. त्या केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांनी तिथल्या बाकावर सकाळ काढली आहे ते ओळखतीलच.

या सहलीत सगळं परमिटच्या, म्हणजे गोरिला बघायच्या परवान्याच्या, तारखेभोवती फिरतं, हे आधी समजून घ्या. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात माणसांची सवय झालेल्या एका गोरिला-कुटुंबाला दिवसातून एकदाच आणि आठच पर्यटक भेटू शकतात, तेही तासभर. युगांडात परदेशी माणसाला एका परमिटचे 800 डॉलर पडतात, जुलै 2024 पासून. रवांडात तेच 1500 आहेत, म्हणून रवांडाचं पान आम्ही तिथेच उलटलं. परमिटवर तुमचं नाव, पासपोर्टचा नंबर, तारीख आणि जंगलाचा कुठला भाग, हे सगळं ठरलेलं असतं. आमचा भाग रुशागा. नैरोबीहून निघणारी ओव्हरलँड सफारी होती, म्हणजे ट्रकवर बसवलेली बस, सोबत तंबू, आणि वाटेत आपणच चूल पेटवायची. त्या ट्रकवाल्यांनी परमिट आधी काढलं, मग आम्ही विमानाची तिकिटं काढली. इथपर्यंत झकास.

मग लस. युगांडात शिरताना पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत येताना ते आपल्याच विमानतळावर लागतं. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच आपला डेंगीवाला, घरोघरच्या कुंड्यांत आहे. त्यामुळे आपलं सरकार या बाबतीत भलतंच कडक आहे. पीतज्वर असलेल्या आफ्रिकेतल्या देशांतून कार्डाशिवाय आलात तर घरी जायच्या आधी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आणि कार्ड लागू होतं ते टोचून घेतल्यानंतर दहा दिवसांनी. निघायच्या आदल्या आठवड्यात टोचून भागत नाही. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या केंद्रांवरच मिळते. आमच्या जवळचं केंद्र म्हणजे पहाटेची एसटी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा रांग होती, पण नंबर लागला. टेबलामागच्या बाईंनी माझे कागद बघून बाजूला ठेवले आणि यांचे हातात घेतले.

"यांचं वय त्रेसष्ट. फिटनेस आणलंय?"

आणलं होतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट.

"हे एमडीचं नाही. एमडी मेडिसिनचं पाहिजे."

"पण तुमच्या वेबसाइटवर एमडी असं कुठे लिहिलेलं नाही."

"वेबसाइट आम्ही बनवत नाही."

आता, नियम चुकीचा नाही. ही जिवंत लस आहे, आणि साठीच्या पुढे तिचे गंभीर परिणाम, अगदी क्वचित का होईना, होण्याचा धोका वाढतो. अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनाही आधी विचारपूस करावी लागते. बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाला नीट तपासा, हे मलाही हवंच होतं. माझा राग वेगळाच. हा नियम कागदावर लिहून दारावर डकवायला काय लागतं? एक कागद आणि वीतभर चिकटपट्टी. तेवढ्यासाठी साठीतली माणसं पहाटेची गाडी पकडून येतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. माझी मात्र तेव्हाच टोचून देऊ का, असं त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. दोघांचं एकदमच होऊ दे. हा शहाणपणा होता की हट्ट, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

एमडीचं पत्र झालं, ईसीजीही झाला. पुढच्या खेपेला लस संपलेली. "पुढच्या आठवड्यात बघा." फोन करून येऊ का? फोन आहे, पण तो उचलायला कुणी नाही. कॅलेंडरवर परमिटच्या तारखेभोवती लाल गोल केलेला होता, त्यातून दहा दिवस वजा केले की हातात काय उरतं ते मी रोज मोजत होते. परमिटची तारीख हलत नाही, तिकिटं हलत नाहीत. हलत होते फक्त आम्ही, एसटीतून.

मग तो बाकावरचा दिवस. लस होती, डॉक्टर होते, बाई होत्या, आमचं एमडीचं पत्र होतं, तरी टोचेनात. कारण एका बाटलीत दहा जणांचा डोस, आणि बाटली एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. म्हणून दहा जण जमल्याशिवाय उघडत नाहीत. आम्ही नऊ. नायजेरियाला निघालेला एक इंजिनिअर, काँगोत मशीन बसवायला निघालेले दोघे, नैरोबीला लेकीच्या बाळंतपणासाठी चाललेल्या एक आजी, जहाजावर रुजू होणारी दापोलीकडची तीन पोरं आणि आम्ही दोघं. नऊ माणसं एका लांब बाकावर बसून दाराकडे बघतायत. कुणी आत आलं की नवांचे चेहरे उजळायचे, आणि तो "ओपीडी कुठेय?" विचारून निघून जायचा. बारा वाजले. केंद्र एकला बंद.

शेवटी त्या पोरांपैकी एकाला सुचलं. त्यांच्याच बॅचचा एक मित्र गावातच मावशीकडे राहत होता, त्याची लस पुढच्या आठवड्यात होती. "पासपोर्ट घे आणि आत्ताच्या आत्ता ये. आंघोळ केली नसलीस तरी ये. रिक्षा कर, पैसे आम्ही देतो." आजींनी पर्समधून पन्नासची नोट काढून त्या पोराच्या हातात आधीच ठेवली. तो आला तेव्हा एकला दहा कमी होते. आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. बाईंनी वर बघितलं, पण बाटली उघडली. तीनशे रुपये, दंडात टोचणी, दोन सेकंदांचं काम.

तरी संपलं नव्हतं. माझं कार्ड हातात आलं, आणि पासपोर्टच्या नंबरात पहिल्या झेडच्या जागी दोनचा आकडा. मी दाखवलं. बाई म्हणाल्या, "द्या इकडे, गिरवून देते." पेन टेकणार एवढ्यात मी कार्ड उचललं. माझी उभी नोकरी बँकेत गेली आहे, खाडाखोडीचा चेक मी कधी पुढे जाऊ दिला नाही. आणि त्या कार्डावरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं की खाडाखोड केली किंवा एखादा रकाना मोकळा ठेवला तर कार्ड बाद ठरू शकतं. ते मी मोठ्यांदा, सावकाश, अर्थासकट वाचून दाखवलं. रांगेतली पोरं हसू दाबत होती. आतून डॉक्टर म्हणाले, "नवीन लिहून द्या त्यांना." नवीन मिळालं. मी खिडकीशीच उभं राहून एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहिलं, आणि यांचंही. तुम्हीही तसंच करा. स्वतःची सही करायची जागा असते, ती तिथेच करा, बरेच जण विसरतात. हे कार्ड 2016 पासून जन्मभर चालतं, दर दहा वर्षांनी नवं घ्यायची गरज उरलेली नाही. त्यामुळे नातवंडांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

व्हिसाचं सांगायचं राहिलं. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा मिळून एक टूरिस्ट व्हिसा निघतो, 100 डॉलरचा, नव्वद दिवसांचा, आणि त्यावर या तीन देशांत पुन्हा पुन्हा ये-जा करता येते. मध्येच टांझानियात शिरलात तर मात्र तो गेला. तिथल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा मोह असेल तर आधीच हिशेब करा. आमचा घरबसल्या झाला, त्यामुळे त्यावर लिहायला काही नाही.

आणि सीमा. केनियातून युगांडात शिरताना ट्रकमधले सगळे खाली उतरलो. पांढऱ्या कोटातल्या एका मुलीने कार्ड उघडलं, मिटलं, "वेलकम" म्हणाली. झालं. एवढ्यासाठी ते सगळं. आमच्या ट्रकमधला एक ऑस्ट्रेलियन पोरगा सॅकच्या तळाशी कार्ड शोधत रस्त्यावर मोजे पसरून बसला होता. आम्ही दोघं तोवर पलीकडे जाऊन केळी सोलत होतो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

ट्रकमध्ये आम्हीच वयाने मोठे. काम सगळ्यांना वाटून असतं. आज भाजी चिरायची, उद्या भांडी. ताटं फडक्याने पुसत नाहीत, हवेत हलवून वाळवतात. वीसेक मिनिटं ते केलं की दंड भरून येतात. शाकाहारी असाल तर राजम्यासारखा बीन्सचा रस्सा आणि मटोके, म्हणजे शिजवून कुस्करलेली कच्ची केळी, यावर राहण्याची तयारी ठेवा. लोणच्याची बाटली न्या, संपूर्ण ट्रक तुमचा मित्र होतो. युगांडात रस्त्याकडेला तव्यावर आपली चपाती लाटलेली दिसते तेव्हा गंमत वाटते. 1896 पासून मोंबासाहून आत रेल्वे टाकायला इंग्रजांनी हजारो मजूर हिंदुस्थानातून नेले, मागोमाग दुकानदार गेले, आणि चपाती तिथलीच झाली. तीत अंड्याचं आम्लेट गुंडाळलं की त्याला तिथे रोलेक्स म्हणतात. जिंजाला, जिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल निघते, तिथे गांधीजींचा पुतळा आहे. 1948 मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता. हे हात जोडून उभे राहिले, तर मागची जर्मन मुलगीही तशीच उभी राहिली.

तर गोरिला. सकाळी साडेसातला रुशागाला हजर. पासपोर्ट परमिटशी ताडतात, आणि सर्दी-खोकला असेल तर सोडत नाहीत. आपला साधा पडसाही गोरिलांच्या जिवावर बेतू शकतो. यांना धुळीने शिंका येतात, म्हणून मी आदल्या तीन मुक्कामांवर यांच्या नाकावर पहारा ठेवला होता. गट पाडताना वय स्पष्ट सांगा, लाजू नका. जवळचं कुटुंब देण्याचा ते प्रयत्न करतात, अर्थात गोरिला कुठे जाईल हे त्याच्या मनावर. माग काढणारी माणसं पहाटेच काल जिथे सोडलं तिथून निघतात, रात्रीची पानांची घरटी शोधतात आणि वायरलेसवर कळवतात.

पोर्टर घ्याच. वीस डॉलरच्या आसपास पडतात, आजूबाजूच्या गावांतलीच माणसं असतात. यांच्याबरोबर एक सडपातळ मुलगी होती. बटाट्याच्या शेतांचा उतार संपून जंगल सुरू झालं तसं पायाखाली माती नाहीच, नुसती वेलींची जाळी. त्या मुलीने यांचं मनगट जे धरलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. बागकामाचे हातमोजे न्या, खाजकुयलीसारखी पानं सगळीकडे. पँट मोज्यांत खोचा, मुंग्या चढतात.

जवळ पोचलो की काठ्या, पिशव्या पोर्टरांकडे. मास्क लावायचा, दहा मीटर अंतर ठेवायचं. हा नियम आपल्याला लागू, गोरिलांना नाही. एक पिल्लू वेलीवरून घसरत आमच्या पुढ्यात येऊन छातीवर थापा मारून गेलं, तेव्हा गाइडने आम्हालाच मागे ओढलं. चांदीपाठ्या, म्हणजे पाठीवरचे केस रुपेरी झालेला मोठा नर, पसरून बसला होता. वेल हातात घ्यायचा, दातांनी साल सोलायचा, आतला गाभा खायचा, घाई कसलीही नाही. त्याची नखं मी पाहत राहिले. काळी, सपाट, कडेला माती अडकलेली, भाजी निवडून झाल्यावर असतात तशी. मग त्याने मोठ्यांदा वारा सोडला आणि खाणं चालू ठेवलं. गाइड घसा खाकरल्यासारखा आवाज अधूनमधून काढत होता, सगळं ठीक आहे असं सांगायला. तो नरही तसाच हुंकारून उत्तर द्यायचा.

2018 च्या गणनेत ब्विंडीत 459 निघाले. डोंगरी गोरिलांचं दुसरं ठिकाण, विरुंगाचे डोंगर, धरून जगात सगळे मिळून 1063. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात गोरिला आहेत, पण ते सखल प्रदेशातले. डोंगरी गोरिला जगातल्या कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही. हे माहीत असूनही माझी जाऊ मला म्हणाली, "म्हैसूरला गेली असतीस तर निम्म्या पैशांत झालं असतं."

डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, कोऱ्या न्या. जुन्या, चुरगळलेल्या किंवा पेनाची रेघ असलेल्या तिकडे कुणी घेत नाही. पोर्टरला आणि माग काढणाऱ्यांना द्यायला पाच-दहाच्या वेगळ्या ठेवा, आणि त्या मनी एक्सचेंजवाल्याकडून काउंटर सोडायच्या आधी एकेक तपासून घ्या. मार्च ते मे पाऊस असतो, वेलींवरून पाय जास्तच घसरतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. आणि घरात कुणी साठीच्या पुढचं असेल तर लस परमिटच्याही आधी.