बार्शीहून जुळे सोलापूरला नाव हलवताना : माझा अनुभव

सोलापूर जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत वाटला गेला आहे, हे मला वर्षानुवर्षे माहीत होते. पण माझे स्वतःचे घर नेमके कोणत्या रेषेच्या आत येते, हे पहिला अर्ज नामंजूर झाल्यावरच कळले. २०२३च्या दिवाळीनंतर बार्शीचे बिऱ्हाड आवरून आम्ही सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात सदनिका घेतली आणि लोकसभेची निवडणूक जवळ आली म्हणून जानेवारीत मतदार यादीतले नाव हलवण्याचे काम मी हाती घेतले.

बार्शी तालुका महसुलाच्या दृष्टीने सोलापूर जिल्ह्यातला असला, तरी लोकसभेसाठी तो उस्मानाबाद मतदारसंघात मोडतो. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, मतदारसंघाचे मात्र जुनेच राहिले. दाखल्यांसाठी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालायचे आणि खासदार निवडायचा तो तुळजापूर, परंडा, औशाच्या मतदारांबरोबर, हे आमच्या इतके अंगवळणी पडले होते की त्यात काही वेगळे आहे असे वाटतच नसे. माझी बहीण अकलूजला असते. तिचा माळशिरस विधानसभा मतदारसंघ माढा लोकसभा मतदारसंघात येतो आणि त्या माढ्यात साताऱ्याचे फलटण आणि माणही आहेत.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "सर, सरळ नमुना ६ भरा, नवीन नाव लागेल, बार्शीचे राहू द्या तिकडेच." सल्ला आपुलकीचा असला तरी चुकीचा होता. नमुना ६ हा पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी असून, आपले नाव अन्य कोणत्याही यादीत नाही असे त्यात लिहून द्यावे लागते. आणि खोटे लिहून दिल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. राहण्याचे ठिकाण बदलणाऱ्याने नमुना ८ भरायचा असतो. त्यात जुना ओळखपत्र क्रमांक कायम राहतो आणि नव्या जागी नाव लागले की जुन्या यादीतले वगळले जाते.

मी ऑनलाइन अर्ज भरला आणि तिथेच चुकलो. जिल्हा निवडल्यावर विधानसभा मतदारसंघांची यादी समोर आली. महापालिकेच्या हद्दीत राहतो, मालमत्ता कर महापालिकेला भरतो, तेव्हा आपण शहराचेच मतदार, असे गृहीत धरून मी 'सोलापूर शहर मध्य' निवडले. फेब्रुवारीच्या मध्यावर अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश आला. कारण एका ओळीत होते, पत्ता या मतदारसंघात नाही. दुसरा अर्ज मी 'सोलापूर दक्षिण' निवडून भरला. या वेळी कागदपत्रेही नीट वाचली. वीजबिल किमान एक वर्षाचे हवे होते आणि माझे जेमतेम तीन महिन्यांचे होते, म्हणून नोंदणीकृत खरेदीखताची प्रत जोडली.

मार्चच्या एका दुपारी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, दारात आल्या. शाळेतल्या शिक्षिका होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत यादीच्या भागाची झेरॉक्स, आणि कडेकडेने पेन्सिलीने केलेल्या खुणा. पाण्याचा तांब्या रिकामा करून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही राहता शहरात, पण मतदार दक्षिण तालुक्याचे. इथे निम्म्या लोकांची हीच चूक होते." माझी सही, एक फोटो, आणि पाच मिनिटांत त्या पुढच्या दाराकडे वळल्या. घराच्या पत्त्यापेक्षा मतदारसंघांच्या पुनर्रचनेची रेषा मोठी असते, हे एवढ्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितले नव्हते.

ही रेषा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१च्या जनगणनेच्या आधारे आखली आणि तिच्यानुसार पहिली लोकसभा निवडणूक २००९ मध्ये झाली. त्या फेरफारात अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला पंढरपूर लोकसभा मतदारसंघ संपला, माढा नव्याने आला, सोलापूर राखीव झाले आणि आमचे उस्मानाबाद खुले झाले. सोलापुरात आता मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण आणि पंढरपूर असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. त्याआधीचे सोलापूर वेगळेच होते. गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ ही खासदारांची नावे घेतली की पूर्व भागातले तेलुगू भाषक विणकर डोळ्यांसमोर येतात. सुशीलकुमार शिंदे १९९८ आणि १९९९ मध्ये इथून निवडून आले. २००३ मध्ये ते मुख्यमंत्री झाल्यावर पोटनिवडणुकीत ही जागा भाजपकडे गेली. २००९ला त्यांनी ती परत मिळवली, पण २०१४ला शरद बनसोडे यांच्याकडून आणि २०१९ला जयसिद्धेश्वर महास्वामी यांच्याकडून ते पराभूत झाले.

हरकतींची मुदत उलटल्यावर, एप्रिलमध्ये, पुरवणी यादीत माझे नाव दिसले. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख १९ एप्रिल होती आणि त्यानंतर यादीत नाव लागत नाही, म्हणजे फार सवड उरली नव्हती. ७ मे रोजी उन्हाच्या आधी, सकाळी सातलाच रांगेत उभा राहिलो आणि मत कोणाला गेले ते दाखवणारी काचेआडची चिठ्ठी सात सेकंद दिसून पेटीत पडेपर्यंत डोळे हलवले नाहीत. त्याच दिवशी बार्शीत थोरल्या बंधूंनी आणि अकलूजला बहिणीने मत दिले. ४ जूनला आम्हा तिघा भावंडांचे तीन खासदार ठरले: माझ्या प्रणिती शिंदे, दादांचे ओमप्रकाश राजेनिंबाळकर आणि ताईचे धैर्यशील मोहिते-पाटील.

त्या रात्री दादांनी बार्शीच्या यादीतल्या आमच्या घराच्या पानाचा फोटो पाठवला. त्यांच्या नावाखालच्या चौकटीत माझे नाव, वय आणि जुना फोटो होता, आणि त्यावरून तिरका, वगळल्याचा शिक्का.