घाट कुणाला लागतो?

पुणे ते रत्नागिरी. पहाटे 5 ला निघायचं ठरलं होतं, निघालो 7:40 ला. का, तर बंड्याचा पट्टा सापडत नव्हता. सगळं घर उलटंपालटं केलं. पट्टा बंड्याच्या गळ्यातच होता.

कात्रजचा बोगदा यायच्या आधीच धाकट्याचं "आलं का?" सुरू. साताऱ्यात आजीसाठी अर्धा किलो कंदी पेढे घेतले, कराडपर्यंत पावच उरले. थोरली म्हणाली, बंड्याने खाल्ले. खवा मात्र तिच्या गालाला! (मुका जीव बिचारा, साक्ष तरी कशी देणार?)

मलकापूरच्या आधीच पोरांना उलटीची गोळी दिली, हातात पिशव्या दिल्या. अहो म्हणाले, "मला नको, मला कधीच घाट लागत नाही." बरोबर आहे, एरवी गाडी तेच चालवतात. आज मी चालवत होते. आंबा घाटाच्या चौथ्या वळणावर धाकट्याने मोठ्या मनाने स्वतःची पिशवी पुढे सरकवली.

साखरप्याला सासूबाईंचा फोन. "पोरांना त्रास नाही ना झाला गं?"

"छे हो आई, तुमची नातवंडं एकदम मजेत!"

शेजारून फक्त "हं" ऐकू आलं.