बोटीच्या संडासाची टाकी उपसताना

मित्राबरोबर भागीदारीत जुनी शिडाची बोट घेतली तेव्हा शीड, नांगर, इंजिन यांवर तासन् तास चर्चा झाली. संडासाच्या टाकीचा विषय कोणी काढला नाही. ती भरल्यावरच निघाला.

सिअॅटलच्या प्युजेट साउंडमध्ये १० मे २०१८ पासून बोटीतला मैला पाण्यात सोडायला बंदी आहे, प्रक्रिया केलेलाही चालत नाही. एरवी अमेरिकेत तीन सागरी मैलांपलीकडे सोडता येतो, पण साउंड म्हणजे जमिनीत घुसलेली खाडीच. कितीही पुढे गेलात तरी ते ‘पलीकडे’ लागत नाही. इथली कालवं बाजारात जातात. कालवं चवीनं खाणाऱ्या माझ्यासारख्याला ही बंदी मान्यच.

म्हणून टाकी धक्क्यावरच्या पंप-आउट यंत्रानं, म्हणजे मैला ओढून घेणाऱ्या पंपानं, उपसावी लागते. पहिल्या धक्क्यावरचं यंत्र बंद, त्यावर नुसता पुठ्ठा लटकवलेला. दुसरीकडे गेलो. डेकवर एकसारखी तीन झाकणं असतात: डिझेल, पिण्याचं पाणी आणि मैला. आमच्या झाकणांवरची अक्षरं झिजलेली, म्हणून आत वाकून कुठली नळी कुठे जाते ते आधी पाहिलं. हातमोजे चढवले, झाकण काढलं, नळीचं रबरी तोंड भोकावर घट्ट दाबलं, यंत्र चालू केलं आणि खटका उघडला. सोसायटीत टाकी उपसायला गाडी यायची, तसाच घरघराट. नळीला काचेचा छोटा तुकडा असतो. त्यातून काय जातंय ते दिसतं. हौस नसली तरी बघावंच लागतं.

थोडं आलं आणि थांबलं. टाकी तर अजून जड. शेजारच्या बोटीवरचे आजोबा म्हणाले, “व्हेंट बघा.” बोटीच्या कुशीला वाटाण्याएवढं भोक, मिठानं बुजलेलं. तिथून हवा आत गेली नाही तर पंप कितीही ओढो, मैला हलत नाही. जोर जास्त झाला तर टाकी चेपूही शकते. बाहेरून पाण्याचा फवारा मारून भोक मोकळं केलं, आणि काच पुन्हा तपकिरी झाली.

मग टाकीत पाणी ओतून पुन्हा उपसलं, काचेत स्वच्छ पाणी दिसेपर्यंत. त्यासाठीची नळी वेगळी ठेवा. पिण्याच्या पाण्याची वापरू नका. पैसे पडले नाहीत. १९९२च्या क्लीन व्हेसल अॅक्टच्या अनुदानातून अशी यंत्रं बसवतात आणि तिथे सहसा पाच डॉलरांच्या वर घेत नाहीत.

शेवटी मैला थेट समुद्रात नेणारा वाय-व्हॉल्व्ह बंद करून दांड्याला प्लास्टिकचा पट्टा आवळला. तटरक्षक दल तपासायला आलं तर तोही बघतं.