शिवाजीनगर ते कर्वेनगर, सायकलवर

पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं म्युझियम आहे. तिथं रिक्षानं जाणं काही बरं दिसेना. भाच्याची सायकल मागितली, कोपऱ्यावर हवा भरून घेतली आणि शिवाजीनगरहून निघालो.

जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ महापालिकेनं ऐसपैस केलेत, शेजारी सायकल ट्रॅकही आखलाय. त्यावर पहिली गाठ पडली ती उलट्या बाजूनं येणाऱ्या स्कूटरची. हॉर्न तिनंच दिला, वर डोळेही वटारले! पुढं ट्रॅकवरच लावलेल्या गाड्यांची रांग. मुकाट्यानं खाली रस्त्यावर उतरलो.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, तेव्हा असे ट्रॅक कुठं होते? सायकलीच इतक्या होत्या की रस्ता त्यांचाच. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शिफ्ट सुटली की लोंढा बाहेर पडायचा. पेठांमधून तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट सापडलं की पोलीस चाकांतली हवा सोडायचे.

मग 1972 साली लूना मोपेड आली, आकुर्डीच्या बजाज स्कूटरी घरोघरी पोचल्या. पण पुणेकर आळशी झाले म्हणून सायकल गेली, हे मला पटत नाही. पेठेतून कॉलेज दहा मिनिटांवर होतं. आता कात्रजहून हिंजवडी, म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, कोण रोज मारणार? त्यात वन-वे. जंगली महाराज रस्त्यानं डेक्कनला यायचं आणि फर्ग्युसन रस्त्यानं परत जायचं. इंजिनवाल्याला हा वळसा जाणवतही नाही, पायांना जाणवतो.

2017 मध्ये महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाअखेरीस मोबाईलनं कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशाही झाल्या.

कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांना खेटून पुढं सरकताना शेजारी एक वॉचमनकाका होते, कॅरियरला डबा बांधलेला. रविवारी सिंहगडाकडे निघणाऱ्या हेल्मेटवाल्यांचं मला कौतुकच आहे, पण शहरात सायकल परतली की नाही, हे सोमवारी सकाळी या रस्त्यावर उभं राहून बघावं. तूर्त तिथं दिसतात ते हे काका आणि धुण्याभांड्याला निघालेल्या एक-दोन बायका.

म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातली बीएसए या ब्रिटिश कंपनीची घडीची सायकल आहे, पॅराशूटधारी सैनिकांसाठी केलेली. मधोमध बिजागरी, त्यावर दोन पाकळीचे स्क्रू. हातानं पिळले की सायकल दुमडते, हत्यार लागत नाही. मी तिच्यापुढून हलायला तयार नव्हतो.

येताना नळ स्टॉपला मेट्रो पकडली. पुणे मेट्रोत सायकल आत नेता येते, आणि लांबच्या पल्ल्याचं काही उत्तर असलंच तर ते हेच. डब्यात शेजारच्या काकूंनी आधी सायकल न्याहाळली, मग मला.

"चालते ही आत?"

"चालते की."

"मग आमच्या ह्यांना सांगते. गल्लीतल्या बँकेत जायला गाडी काढतात!"