न्यूव्ह शापेल ते सोम: पुस्तकं सोबत घेऊन केलेली खंदकांची वाट

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या लढाया बघायला फ्रान्सला जाणारे बहुतेक जण थेट 1916 च्या मोठ्या लढाईच्या सोम खोऱ्याकडे वळतात. तुम्ही महाराष्ट्रातून जाणार असाल तर आधी उत्तर फ्रान्समधलं न्यूव्ह शापेल हे गाव गाठा, इथे भारतीय फौजा लढल्या. मुक्कामाला लील सगळ्यात सोयीचं. पॅरिसहून वेगवान रेल्वेने तासाभरात पोचता येतं, एकीकडे बेल्जियममधली ईप्रची रणभूमी, दुसरीकडे सोमचं खोरं. दोन्ही देश एकाच शेंगेन व्हिसावर होतात. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. लढायांची गावं मात्र अगदी लहान आहेत आणि बसचा भरवसा नाही, म्हणून आम्ही गाडी भाड्याने घेतली. त्यासाठी इथूनच आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

न्यूव्ह शापेलचा महाराष्ट्राशी संबंध खडकीवरून जातो. 28 ऑक्टोबर 1914 रोजी जर्मनांच्या ताब्यातलं हे गाव परत घ्यायला 47वी शीख पलटण गेली, तिच्याबरोबर 3ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या होत्या. हेच आपले खडकीचे बॉम्बे सॅपर्स. पूल बांधणं, सुरुंग लावणं, खंदक खणणं हे ज्यांचं काम, त्यांना त्या दिवशी संगिनी लावून गावात शिरावं लागलं. घराघरातून लढत त्यांनी गाव घेतलं, पण मागून कुमक आली नाही आणि उरलेल्यांना माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे बहुतेक ब्रिटिश अधिकारी त्यात मारले गेले किंवा जखमी झाले.

सुमारे सव्वाचार महिन्यांनी, 10 मार्च 1915 ला, याच गावावर ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी ठरवून मोठा हल्ला केला. विमानातून काढलेल्या फोटोंवरून शत्रूच्या खंदकांचे नकाशे केले होते. 35 मिनिटं तोफा धडाडल्या आणि गाव पहिल्याच दिवशी हाती आलं. पण नंतर सगळं अडलं: टेलिफोनच्या तारा तुटल्या, हुकूम उशिरा पोचले, तोफगोळे कमी पडले. 13 मार्चपर्यंत सुमारे 12,800 माणसं मारली गेली, जखमी किंवा बेपत्ता झाली, त्यांत सुमारे 4,200 भारतीय. पुढची तीन वर्षं जे पुन्हा पुन्हा घडलं त्याचा नमुना इथे दिसतो, तरीही लढायांच्या इतिहासात न्यूव्ह शापेलला सोमच्या आधीचं एखादं प्रकरण मिळतं आणि संपतं. मला हे खटकतं.

इथलं भारतीय सैनिकांचं स्मारक डी 947 या रस्त्यावर, ला बाँब नावाच्या चौकात आहे. हर्बर्ट बेकर यांनी रचना केलेला गोल आवार, अर्ध्या बाजूला जाळीदार कठडा, अर्ध्या बाजूला नावांची भिंत, मध्ये सुमारे 15 मीटर उंच खांब आणि त्याच्या दोन बाजूंना दगडी वाघ. ज्यांचं दफन किंवा दहन कुठे झालं हे कळलंच नाही अशा 4,700हून अधिक जणांची नावं भिंतीवर कोरली आहेत. ती पलटणीवार लावली आहेत, त्यामुळे सॅपर्सचा भाग शोधायला वेळ लागत नाही. अक्षरं इंग्रजी, पुष्कळदा नुसतंच एक नाव, आडनाव नाही. तिथे उभं राहून मोठ्याने वाचा. इंग्रजी स्पेलिंगमधून नाव डोळ्यांना कळत नाही, ते कानाला कळतं.

या भिंतीसमोर एका पुस्तकाची गोष्ट सांगायलाच हवी. फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय फौजेचा, म्हणजे इंडियन कोअरचा, पहिला सविस्तर इतिहास 1917 मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, मेरवेदर आणि एफ. ई. स्मिथ यांनी लिहिला. हेच स्मिथ पुढे लॉर्ड बर्कनहेड म्हणून भारतमंत्री झाले आणि 7 ऑक्टोबर 1927 ला या स्मारकाचं उद्घाटन त्यांनीच केलं. त्या पुस्तकात कौतुक भरपूर आहे, कोणती तुकडी कुठून कुठे गेली याचे तपशीलही पक्के आहेत. शिपाई स्वतः काय म्हणत होता ते मात्र त्यात सापडत नाही. त्यासाठी सेन्सॉरने तपासलेल्या पत्रांकडे जावं लागतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या त्या अहवालांमधून डेव्हिड ओमिसी यांनी 1999 मध्ये निवडक पत्रांचं पुस्तक केलं. आधी स्मिथ वाचा, मग पत्रं, आणि मगच गावात पाऊल ठेवा. लढाई तीच, पण एकात ती नकाशावर घडते आणि दुसऱ्यात थंडीने गारठलेल्या माणसावर.

आता जमीन. पुस्तकांत ज्या ओबेर रिजसाठी इतकं रक्त सांडलं ती कड सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. सपाट शेतं, मध्येमध्ये ओहोळ, आणि टोकाला जेमतेम जाणवेल इतका चढ. पण त्या चढावर बसलेल्याला खालचं सगळं दिसत होतं. इथे थोडं खणलं तरी पाणी लागतं, म्हणून खंदक खोल नेता येत नसत. मातीच्या पोत्यांचे बांध वर रचावे लागत. शेताच्या बांधावर चाला, पिकात शिरू नका. रस्त्याच्या कडेला गंजलेले तोफगोळे काढून ठेवलेले दिसले तर हात अजिबात लावायचा नाही, शंभर वर्षांनंतरही त्यांतले काही जिवंत असतात.

रस्त्यापलीकडे पोर्तुगीज सैनिकांचं दफनस्थळ आहे, 1,831 कबरी. एप्रिल 1918 मध्ये त्यांची फौज याच भागात मोडून पडली. अर्धा तास तिथेही द्या.

सोमला आल्बेर गावात उतरा. माती बदललेली लगेच दिसते, नांगरलेल्या शेतात पांढरी चुनखडी वर येते. तिच्यात जर्मनांनी खोल तळघरं खणली होती, म्हणून आठवडाभराच्या भडिमारानंतरही 1 जुलै 1916 च्या सकाळी त्यांच्या मशीनगन शाबूत राहिल्या. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे 57,470 जण घायाळ, मृत वा बेपत्ता झाले. त्यांत मृत 19,240. या दिवसावरचं मला सगळ्यात जवळचं पुस्तक मार्टिन मिडलब्रुक यांचं. ते कोंबड्या पाळणारे शेतकरी. 1967 मध्ये रणभूमी बघायला आले, ती दफनस्थळं त्यांच्या डोक्यातून जाईनात, मग त्यांनी हयात असलेल्या शेकडो सैनिकांशी बोलून 1971 मध्ये पुस्तक काढलं. सेनापतींच्या टिपणांवरून हे पुस्तक झालंच नसतं.

ते वाचून बोमाँ-आमेलला जा. आज कॅनडात असलेल्या न्यूफाउंडलंडची पलटण 1 जुलैला जिथे लढली त्या जागेवर खंदक राखून ठेवले आहेत, वर गवत उगवलंय. ब्रिटिश खंदकापासून खाली उतरत जर्मन बाजूपर्यंत चालत जा. रमतगमत गेलं तरी काही मिनिटांचंच अंतर आहे, आणि आडोसा कुठेही नाही. सुमारे 800 जण निघाले होते, दुसऱ्या दिवशी हजेरीला 68 उभे राहिले. तिएपव्हालची कमान 72,000हून अधिक बेपत्तांच्या नावांची आहे. रचना लटियन्स यांची, म्हणजे दिल्लीच्या इंडिया गेटवाल्यांचीच. वेळ कमी असेल तर तिएपव्हाल आटोपतं घ्या, पण पेरोनचं संग्रहालय चुकवू नका. तिथे फ्रेंच, जर्मन आणि ब्रिटिश शिपायांचे गणवेश जमिनीतल्या उथळ खड्ड्यांत आडवे मांडले आहेत. तिघांचं सामान शेजारी शेजारी बघताना एकाच देशाच्या बाजूने लिहिलेली पुस्तकं अपुरी वाटायला लागतात.

घरातलं कुणी त्या युद्धात गेलं होतं असं ऐकलं असेल तर तिकीट काढण्याआधी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. एकाच नावाची चार-पाच स्पेलिंग करून बघा, पलटण घाला. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. भिंतीच्या भागाचा क्रमांक लिहून घ्या. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, 103वी, 110वी आणि 117वी तर तिथल्या कूत शहराला पडलेल्या तुर्की वेढ्यात अडकल्या होत्या. त्यांच्यातल्या बेपत्तांचं स्मारक इराकमध्ये बसऱ्याला उभारलं गेलं, 1997 मध्ये ते उचलून वाळवंटात हलवलं. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे मात्र पलटणीवार फक्त आकडे घातले. आयोगाने 2021 च्या अहवालात ही वागणूक अन्यायाची होती हे मान्य केलं आहे. तुमच्या पणजोबांची पलटण यांपैकी असेल तर त्यांचं नाव न्यूव्ह शापेलच्या भिंतीवर शोधण्यापेक्षा आयोगाच्या नोंदवहीत शोधा, तिथे ते सापडण्याची शक्यता जास्त आहे.