मुंबई हायकोर्ट बघायला जाताय? मान वर ठेवा

चर्चगेटला उतरा आणि ओव्हल मैदानातून चालत जा. टॅक्सीने थेट फाटकाशी गेलात तर समोर नुसती दगडी भिंत उभी राहते. मैदानातून मात्र ५६२ फूट लांबीची अख्खी इमारत नजरेत मावते: मधला उंच मनोरा, त्याच्या पुढचे दोन अष्टकोनी मनोरे, माथ्यावर ‘न्याय’ आणि ‘दया’ यांचे पुतळे. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, त्यामुळे फोटो काढायचे तर दुपार कलल्यावरच.

कर्नल जेम्स फुलर या लष्करी इंजिनिअरने गॉथिक धाटणीत हा आराखडा केला. १८७१ साली सुरू झालेलं काम १८७८ मध्ये संपलं. खर्चाचा अंदाज होता १६,४७,१९६ रुपये, लागले १६,४४,५२८. सरकारी काम आणि वर २,६६८ रुपये शिल्लक! आज हे वाचून हसूच येतं.

खरी गंमत आत आहे. खांबांच्या माथ्यावर पानाफुलांच्या नक्षीत प्राणी दडलेत. एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात न्यायाचा तराजू धरून बसलंय, तर वकिलाचे बँड, म्हणजे पांढऱ्या पट्ट्या, गळ्यात घातलेला कोल्हा शेजारीच. कंत्राटदार कोर्टात खटला हरला आणि त्याने असा सूड उगवला, अशी दंतकथा सांगतात. खरं असो-नसो, हे शिल्प इतकी वर्षं कुणी उतरवलं नाही, हे मला फार आवडलं.

४६ नंबरच्या कोर्टाशी मात्र थांबाच. १९०८ साली टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथेच न्या. दावर यांच्यापुढे चालला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं, सहा वर्षांची शिक्षा झाली. ‘ज्यूरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे’ या आशयाचे त्यांचे उद्गार तिथल्या शिलालेखावर कोरलेत.

आता कामाचं. पर्यटन विभागाने २०२१ पासून सुट्टीच्या दिवशी हेरिटेज वॉक सुरू केला. निघण्यापूर्वी तारखा आणि बुकिंग बघून घ्या. कामाच्या दिवशी जायचं तर फोटो असलेलं ओळखपत्र हवं. आत कॅमेरा काढू नका, कोर्टरूममध्ये मोबाईल बंदच ठेवा. तळमजल्यावरचं छोटं संग्रहालय चुकवू नका. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा शक्यतो टाळा. राजाबाई टॉवर शेजारीच आहे, तोही त्याच फेरीत बाहेरून बघून होतो.