लघुग्रह फोडून का टाकत नाहीत?

लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने येतोय असं कळलं, तर अणुबॉम्ब टाकून त्याचा चुरा का करत नाहीत? हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

फोडला, तरी त्याचे तुकडे त्याच वाटेने, जवळपास त्याच वेगाने येत राहतात. गोळीचे छर्रे झाले, एवढंच. अणुस्फोटाचा विचार होतो, पण तोही दगडापासून थोड्या अंतरावर करण्याचा. स्फोटातून निघालेल्या क्ष-किरणांनी पृष्ठभागाची वाफ होते आणि ती उसळताना दगडाला मागे रेटते. हा अगदी हातघाईवरचा उपाय.

खरं काम त्याला उशीर करवण्याचं आहे. पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किलोमीटर धावते, तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढी ती सात मिनिटांत पुढे सरकते. दगड सात मिनिटं उशिरा आला, की पृथ्वी तिथून निघून गेलेली असते. त्यासाठी दहा वर्षं आधी त्याच्या वेगात सेकंदाला एक सेंटिमीटर, मुंगीच्या चालीएवढा, फरक पाडला तरी खूप झालं. साध्या गुणाकाराने ३,१५० किलोमीटरचा फरक निघतो. पण वेगाबरोबर प्रदक्षिणेचा काळही बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो तिपटीच्या घरात जातो. एकच वर्ष हातात असेल तर तेवढ्याच फरकासाठी धक्का दहापट हवा. सगळी मेख इथे आहे.

असा धक्का देऊन पाहिलाय. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं सुमारे ५८० किलोचं डार्ट यान सेकंदाला ६ किलोमीटरहून अधिक वेगाने डायमॉर्फस या दीडशे-एक मीटरच्या दगडावर आदळलं. हा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा. टकरीनंतर फेरी अर्ध्या तासाहून जास्त आखूड झाली. यशासाठी ७३ सेकंदांचा फरक पुरला असता! यानाचा धक्का एकपट, पण उडालेल्या मातीदगडांच्या उलट रेट्यामुळे एकूण परिणाम साडेतीन पटींच्या आसपास गेला.

ही 'पट' मात्र दगडागणिक बदलते, आणि आधी सांगता येत नाही. बेनू या लघुग्रहावर २०२० साली नमुना घ्यायला टेकवलेला नासाच्या दुसऱ्या एका यानाचा हात अर्धा मीटर आत रुतला होता. तो खडक नसून सैल खडीचा ढीग निघाला. अशा ढिगाला जास्त जोरात ठोकलं तर पुन्हा छर्रेच.

आता '२०२४ वायआर४' या लघुग्रहाबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या धडकेची शक्यता ३ टक्क्यांपर्यंत चढली आणि मग आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आली. आकडा असा अचानक पडला की काही लपवलं जातंय अशी शंका येते, पण त्यात लपवाछपवी नव्हती. निरीक्षणं वाढतात तसा संभाव्य मार्गांचा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्यात असेपर्यंत टक्का वाढतो, बाहेर पडली की कोसळतो. टक्का चढला म्हणून घाबरू नका.

धास्ती घ्यायचीच तर न दिसलेल्यांची घ्या. १४० मीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे निम्म्याहून अधिक लघुग्रह अजून सापडलेले नाहीत. सूर्याच्या दिशेने येणारा तर जमिनीवरच्या दुर्बिणींना दिसतच नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला, जेमतेम २० मीटरचा दगड असाच आला. झगमगाट पाहून लोक खिडक्यांशी धावले, दोन-अडीच मिनिटांनी हवेचा तडाखा पोचला आणि काचा अंगावर आल्या. सुमारे दीड हजार जखमी, त्यातले बरेच काचांनी. आकाशात असा लखलखाट दिसला, तर काचेपासून लांब जा आणि काही मिनिटं तिथेच थांबा.